तुटलेली बाजू

संग्रहालयात गेले की मी आधी मूर्तीच्या मागे जाते. वीस वर्षं दगडांच्या नोंदी लिहिण्यात गेली, त्यामुळे ही सवय अंगवळणी पडली आहे. चेहरा बघायला समोर सगळेच उभे असतात. पाठीमागे मात्र पाथरवटानं कुठे हात आवरता घेतला, कुठे टाकीचे घाव तसेच ठेवले, दगड कुठे तडकला आणि पुढे कुणी तो कशानं सांधला, हे सगळं उघडं पडलेलं असतं. अक्रोपोलिस म्हणजे अथेन्समधली देवळांची टेकडी. तिथल्या मूर्तींच्या अक्रोपोलिस म्युझियममध्ये तर याची सोयच करून ठेवली आहे. पर्शियन स्वारीच्या आधीच्या मूर्ती तिथे भिंतीला न टेकवता दालनभर सुट्या उभ्या आहेत. मोठ्या काचांतून दिवसाचा उजेड आत येतो आणि मूर्तीला प्रदक्षिणा घालता येते.

माझी पहिली प्रदक्षिणा ‘क्रिटिओसचा मुलगा’ म्हणतात त्या मूर्तीला. क्रिटिओस हे शिल्पकाराचं नाव. इ.स.पू. ४८०च्या आसपासची, जेमतेम चार फुटांची, संगमरवरी. एका पायावर भार टाकून मुलगा इतका सहज उभा आहे की तो आत्ता पाय बदलेल असं वाटतं. कलेच्या इतिहासात त्याचं नाव त्यासाठीच घेतात. मी बघत होते ती मानेवरची सांध्याची रेघ. धड सापडलं १८६५ साली आणि डोकं १८८८ साली. मधली तेवीस वर्षं ते धड शिराविना कुठेतरी पडून होतं, आणि त्याच टेकडीच्या मातीत डोकं धडाविना. त्या तेवीस वर्षांत धडाची नोंद कुणी कशी लिहिली असेल, मानेच्या तुटलेल्या पृष्ठभागाबद्दल दोन शब्द तरी लिहिले असतील का, हाच विचार मनात घोळत राहिला.

इ.स.पू. ४८०मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस याच्या सैन्यानं अक्रोपोलिस जाळलं आणि अथीना देवीला वाहिलेल्या मूर्ती फोडल्या. अथेन्सचे लोक परत आले तेव्हा हे तुकडे त्यांनी टेकडीखाली फेकून दिले नाहीत. त्याच आवारात, तटांच्या मागे भराव घालताना आणि खड्ड्यांतून, त्यांनी ते पुरले. देवीला वाहिलेलं देवीच्याच जागेत राहिलं. पुढे १८८५ ते १८९० या काळात पानागियोटिस काव्वादियास यांनी ही टेकडी खडकापर्यंत खणली, तेव्हा एरेक्थिऑन या देवळाच्या वायव्येला एकाच ठिकाणी, १८८६च्या फेब्रुवारीत, चौदा कुमारिकांच्या मूर्ती निघाल्या. काहींच्या अंगावर रंग शिल्लक होता. जमिनीत गेल्यामुळेच तो टिकला.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. आमच्या देव्हाऱ्यातला संगमरवरी गणपती एकदा हातातून निसटला आणि त्याची सोंड तुटली. आजीनं तो पदरानं पुसला, हळदकुंकू वाहिलं, तुटलेली सोंडही सोबत घेतली आणि दोन्ही कृष्णेत सोडलं. भंगलेला देव पूजेत ठेवायचा नाही, पण उकिरड्यावरही जाऊ द्यायचा नाही. आणि सोंड मागे राहता कामा नये. “सगळं एका जागी जायला पाहिजे,” एवढंच ती म्हणाली होती. माझ्या कामाबद्दल मला पुढे कितीतरी जणांनी कितीतरी शिकवलं, पण त्याची सुरुवात ही.

तुकड्याची नोंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर फार कोरडं वाटतं. क्रमांक. दगड कोणता. शिल्लक उंची, रुंदी, जाडी. काय दिसतं. कुठे तुटलंय. हत्यारांच्या खुणा. कुठे सापडला, कधी. यातल्या प्रत्येक रकान्यात एकेक दिवस जाऊ शकतो. नुसता दगडच घ्या. ग्रीक मूर्तींचा संगमरवर हाताळणारी माणसं ताज्या मोडीकडे, म्हणजे तुटलेल्या पृष्ठभागाकडे, बघतात, कारण आतला कण तिथे दिसतो. नाक्सोस बेटाचा दगड भरड, मोडीवर खडीसाखरेसारखा चमकतो. पारोसचा शुभ्र, आत उजेड शिरू देणारा. अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगराचा कण बारीक साखरेसारखा. त्यात लोहाचा अंश असतो, म्हणून उन्हापावसात तो मधाच्या रंगाकडे झुकतो, आणि अभ्रकाच्या शिरा असतात, त्यांच्यावरून तो पापुद्र्यासारखा सुटतो. हिमेट्टोसचा करडा-निळसर. आता कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून खाणीचा अंदाज बांधतात, पण चाचणीसाठी कुठल्या तुकड्याची चिमूट घ्यायची हे आधी डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

मग हत्यारं. टोकदार टाकीचे खड्डे, दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा, सपाट छिन्नी, कानस, आणि निऱ्यांच्या खोल घळीत सामत्यानं (गिरमिटानं) ओळीनं पाडलेली भोकं. दातेरी छिन्नी ग्रीक शिल्पात इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यापासून दिसू लागते, म्हणून तिच्या रेघा म्हणजे काळाचाही एक पुरावा. धुळीचाही पुरावा असतो. मोडीवर चुना चिकटलेला असेल तर तो तुकडा मधल्या शतकांत कुणाच्या तरी भिंतीत बसवला होता. भिंतीत बसला तो भाग्यवान म्हणायचा. संगमरवर भाजला की चुना होतो, आणि अशा किती मूर्ती चुन्याच्या भट्ट्यांत गेल्या याला मोजदाद नाही.

आणि मोड. तुटलेली बाजू. जुन्या सूचींमध्ये छायाचित्र बहुधा एकच असायचं, समोरून, कारण छपाई महाग होती. कोरीव बाजूचं वर्णन अर्धं पान आणि मोडीबद्दल ‘खाली तुटलेले’ इतकंच. खरं तर दोन तुकडे एकमेकांचे आहेत हे कोरीव बाजू नुसतं सुचवते, ठरवते ती मोड. मोडीवर मोड बसली, बोटानं हलवून हलली नाही आणि मधली रेघ जवळजवळ पुसली गेली, तर त्यावर वाद नाही. त्याला सांधा म्हणायचं. दगड तोच, काम तेच, माप जुळतं, पण मधला भाग हरवलाय, तर तो सांधा नव्हे, ते नुसतं नातं. नोंदीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी गेले की पुढची पन्नास वर्षं लोक चुकीच्या वाटेनं जातात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी, एका छोट्या संग्रहालयाच्या कोठारात, माझ्यापुढे एक वीतभर हात आला. मध्ययुगीन, काळ्या दगडाचा, मूठ मिटलेली, मुठीतून आरपार भोक. मी कार्डावर लिहिलं, ‘चवरीधारिणीचा उजवा हात’. ‘बहुधा’ हा शब्दसुद्धा लिहिला नाही. कार्ड टंकून झालं, हात चवरीधारिणींच्या फळीवर गेला आणि अकरा वर्षं तिथेच राहिला. त्या अकरा वर्षांत तो कुणी दुसरीकडे लावून पाहिला नाही, कारण तो कुणाचा हे कार्डावर लिहिलेलं होतं. शेवटी एका सहकाऱ्यानं एका वीरगळावरच्या स्वाराची मोजमापं घेताना त्याच्या कोपराची मोड पाहिली आणि हात आणायला धावला. तो लगाम धरलेला हात होता. स्वार आणि त्याचा हात अकरा वर्षं एकाच खोलीत होते, बारा पावलांवर, आणि त्यांच्यामध्ये माझं अक्षर होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून हम्फ्री पेनची गोष्ट माझ्या फार जवळची. अथेन्समधल्या ब्रिटिश स्कूल या पुरातत्त्व संशोधन संस्थेचा हा तरुण संचालक. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १८९६पासून एक संगमरवरी डोकं होतं, १८७७मध्ये अथेन्सला सापडलेलं, देणाऱ्याच्या नावावरून ‘राम्पिन डोकं’ म्हणून प्रसिद्ध. केस आणि दाढी मण्यांच्या माळा ओवल्यासारखी, डोक्यावर पानांचं कडं, ओठांवर हसू, आणि मान किंचित एका बाजूला वळलेली. इ.स.पू. ५५०च्या सुमाराच्या सरळसोट उभ्या मूर्तींमध्ये मान अशी वळत नाही. अथेन्समध्ये १८८६च्या उत्खननातलं एका घोडेस्वाराचं धड होतं, घोड्याच्या काही तुकड्यांसह. पेननं या दोन्ही गोष्टी मनात शेजारी ठेवल्या. पॅरिसच्या डोक्याची प्लास्टरची प्रतिकृती अथेन्सच्या धडावर बसवली आणि ती बसली. मान वळलेली होती, कारण तो घोड्यावरून बाजूला बघत होता. ल्योंच्या संग्रहालयातल्या एका कुमारिकेचा वरचा भागही अक्रोपोलिसवरच्या खालच्या भागाचा आहे, हेसुद्धा त्याचंच काम. १९३६मध्ये अक्रोपोलिसच्या या संगमरवरी मूर्तींवरचं त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो वारला. त्याची कबर मायसीनीला आहे.

आज अथेन्समध्ये खरं धड आणि प्लास्टरचं डोकं आहे, पॅरिसमध्ये खरं डोकं आणि प्लास्टरचं धड. मी अथेन्सच्या स्वारापुढे बराच वेळ उभी होते. संगमरवर संपून प्लास्टर जिथे सुरू होतं, तिथे उजेड अचानक पृष्ठभागावरच थांबतो. दगडात तो जरासा आत शिरतो.

पेननं दोन तुकड्यांचा मेळ घातला. गिओर्गोस देस्पिनिस यांच्यापुढे एका मूर्तीचा पार भुगा होता. थेस्सालोनिकीच्या विद्यापीठातले हे प्राध्यापक २०१४ साली गेले. त्यांच्यावर लिहायचं बरीच वर्षं मनात होतं, कारण आपल्याकडे त्यांचं नाव कुणाच्या कानावर नसतं.

अ‍ॅटिकाच्या ईशान्य किनाऱ्यावर राम्नूस नावाचं ठिकाण आहे, मॅरेथॉनच्या उत्तरेला, समोर एव्हिया बेट. तिथे नेमेसिसचं देऊळ होतं. नेमेसिस म्हणजे उन्मत्ताला त्याच्या मापात आणणारी देवी. इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानियास लिहितो की पर्शियन सैन्य मॅरेथॉनला उतरलं तेव्हा विजयस्तंभ उभारायला पारोसचा संगमरवर बरोबरच घेऊन आलं होतं, इतका त्यांना जिंकण्याचा भरवसा. तोच दगड पुढे या देवीची मूर्ती झाला. डोक्यावर हरणं आणि चिमुकल्या विजयदेवता असलेला मुकुट, डाव्या हातात सफरचंदाची फांदी, उजव्या हातात पूजेचं पात्र. पाउसानियास ती थोर ग्रीक शिल्पकार फिडियास याची म्हणतो. अभ्यासक ती फिडियासचा शिष्य, पारोसचाच आगोराक्रिटोस, याची मानतात. काळ साधारण इ.स.पू. ४३० ते ४२०. उंची साडेतीन मीटरच्या घरात.

ही मूर्ती प्राचीन काळाच्या अखेरीस कुणीतरी ठरवून फोडली. निसटून पडलेल्या मूर्तीचे मोठे तुकडे होतात. हिचे शेकडो झाले. १८१३ साली इंग्लंडहून आलेला वास्तुविशारद जॉन पीटर गॅन्डी याला चेहऱ्याचा एक मोठा तुकडा मिळाला आणि तो ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. मुकुट बसवायची भोकं त्यावर आहेत. १८९०च्या सुमारास तिथे उत्खनन झालं आणि वस्त्राच्या घड्यांचे बारके-मोठे तुकडे गोळा होऊन कोठारात गेले. कोठारातला निरीचा तुकडा म्हणजे काय असतं, हे मी जाणते. हातभर, वीतभर, तळहाताएवढा. एका बाजूला दोन कंगोरे आणि मध्ये एक घळ, बाकी सगळीकडे मोड. त्याला चेहरा नाही, बोट नाही, नाव नाही. येणारा अभ्यासक त्याच्यावरून नजर फिरवतो आणि पुढे जातो.

देस्पिनिस थांबले. दगड पारोसचा, घड्यांचं काम एका हाताचं, माप माणसापेक्षा खूप मोठं. त्यांनी तुकडे वेगळे काढायला सुरुवात केली, मोडीवर मोड लावून पाहायला सुरुवात केली. जसजसे गट होत गेले तसतसा वस्त्राचा एक मोठा पट्टा दिसू लागला, आणि मग त्यांनी तो पट्टा रोमन काळातल्या नकलांशी ताडून पाहिला. कोपनहेगनच्या न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक या संग्रहालयात मूळ मूर्तीपेक्षा बरीच लहान अशी एक स्त्रीमूर्ती होती. तिच्या अंगावरच्या घड्या आणि कोठारातल्या घड्या निरीला निरी जुळल्या. ती नेमेसिसची नक्कल आहे हे तेव्हा ठरलं. आता नक्कल हा नकाशा झाला आणि उरलेल्या तुकड्यांना त्या नकाशात जागा मिळू लागल्या. हे सगळं त्यांनी १९७१ साली ग्रीक भाषेत प्रसिद्ध केलं. अभिजात काळातल्या थोर शिल्पकारांच्या देवळातल्या मुख्य मूर्ती जवळपास सगळ्या नाहीशा झाल्या. आपण त्यांना नकलांतूनच ओळखतो. ही एक मूळ मूर्ती दगडानिशी परत मिळाली. पुढे वासिलिओस पेत्राकोस यांनी राम्नूसला वर्षानुवर्षं उत्खनन करून तिचा कोरीव चौथराही तुकड्यांतून जुळवला. कथेत हेलन नेमेसिसची मुलगी, लेडानं वाढवलेली. लेडा तिला नेमेसिसकडे घेऊन येते तो प्रसंग त्यावर आहे, पाउसानियासनं लिहिलाय तोच.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते देस्पिनिस यांच्या कितीतरी आधीचं. १८९०च्या सुमारास कुणीतरी तो चेहरा नसलेला निरीचा तुकडा टाकून दिला नाही. तो उचलला, कुठून आला ते धरून ठेवलं आणि आत नेऊन ठेवला. आठ दशकं तो कुणाच्या उपयोगी पडला नाही. ठेवणाऱ्याला आपण काय ठेवतोय याची कल्पना नव्हती, आणि तरी त्यानं ते नीट ठेवलं.

अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन या देवळाची कथा सगळ्यांना थोडीफार ठाऊक असते, म्हणून ती इथे थोडक्यात. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या बंदुकीच्या दारूवर पडला आणि देऊळ मधोमध फुटलं. त्याच फौजेतला एक अधिकारी देवळाच्या दक्षिण बाजूच्या एका कोरीव चौकटीतली दोन डोकी घेऊन डेन्मार्कला गेला. ती आजही कोपनहेगनला आहेत आणि त्यांची धडं लंडनला. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिननं नेलेला इथल्या शिल्पांचा मोठा साठा ब्रिटिश सरकारनं १८१६ साली ३५,००० पौंडांना घेतला. अलीकडे उलटा प्रवासही सुरू झालाय. हायडेलबर्गच्या विद्यापीठानं २००६ मध्ये देवळाच्या उत्तर बाजूच्या कोरीव पट्टीतला एका पावलाचा लहानसा तुकडा परत दिला. पालेर्मोहून आर्टेमिसचं पाऊल २०२२ मध्ये आलं, व्हॅटिकनमधून तीन तुकडे २०२३ मध्ये. लंडनचे अजून आले नाहीत. ते यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं, आणि माझं कारण कामाचं आहे. प्रतिकृतीवर सांधा सुचतो, पण दोन खऱ्या मोडी एका टेबलावर येऊन एकमेकींवर टेकल्याशिवाय त्याची खात्री पुरी होत नाही.

अक्रोपोलिस म्युझियममध्ये शेवटी ज्याच्यापुढे मी सगळ्यात जास्त वेळ काढला, तिथे गर्दी नव्हती. एरेक्थिऑनच्या बाहेरच्या पट्टीतल्या मूर्ती. या पट्टीची पद्धत निराळी. पार्श्वभूमी एल्युसिसच्या काळपट दगडाची, आणि पांढऱ्या संगमरवराच्या दोन-सव्वादोन फुटी मूर्ती वेगळ्या कोरून लोखंडी खुंट्यांनी तिच्यावर बसवलेल्या. काळा फळा आणि त्यावर खडूचं चित्र. खुंट्या निकामी झाल्या आणि मूर्ती गळून पडल्या. शंभरावर तुकडे उरले आहेत, बहुतेक बिनडोक्याचे. काय प्रसंग होता, कोण देव, कोण राजा, हे अजून ठरत नाही.

पण या मूर्तींचा जमाखर्च सापडलाय. अथेन्सनं देवळाच्या बांधकामाचा हिशेब संगमरवरावर कोरून लोकांसमोर लावला होता, आणि इ.स.पू. ४०८-४०७च्या हिशेबात या पट्टीच्या ओळी आहेत. केफिसियाच्या फिरोमाखोसला, चिलखताशेजारचा तरुण, ६० द्राख्मा. मिनिऑनला, घोडा आणि त्याला मारणारा माणूस, आणि त्यानं मागाहून जोडलेला खांब, १२७ द्राख्मा. कोल्लिटोसच्या इआसोसला, जिच्या अंगावर मुलगी रेललीय ती बाई, ८० द्राख्मा. कसबी कारागिराची रोजची मजुरी तेव्हा एक द्राख्मा होती, आणि ती स्वतंत्र नागरिकाला जितकी तितकीच परक्याला आणि गुलामाला.

त्या हिशेबनिसाला यातला प्रत्येक जण कोण हे बहुधा माहीत असणार. तरी त्यानं नाव घातलं नाही. डोळ्यांना दिसतं तेवढं लिहिलं, कारण उद्या कुणी पडताळायला आलं तर त्याला दगडापुढे उभं राहून ओळीवर बोट ठेवता यायला हवं होतं. हे वाचताना मला माझं ते पहिल्या वर्षीचं कार्ड समोर दिसत होतं.

एका तुकड्यात बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल आहे. दोघांची डोकी गेली आहेत. बाईचे गुडघे वस्त्राखाली जरा फाकलेले आहेत, मूल घसरू नये म्हणून बायका बसतात तसे. मी बाजूला जाऊन, मान वाकडी करून, मागे जेवढं दिसेल तेवढं पाहिलं. पाठ सपाट, भिंतीला टेकायची म्हणून. मग वही काढली आणि लिहिलं: बसलेली बाई, मांडीवर मूल. दोन्ही डोकी तुटलेली. बाईच्या मानेची मोड आडवी, डावीकडे किंचित उतरती. मुलाची खडबडीत, मधोमध खोलगट.